मेपल सिरपच्या धंद्याला सरकारी मदत: कुठला अर्ज आधी, कुठला नंतर

टोरांटो, आल्बनी किंवा बर्लिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबानं गावाबाहेर जंगलाचा तुकडा घेतला आणि त्यात शुगर मेपलची चांगली दाटी निघाली, की थोड्याच दिवसांत प्रश्न येतो: सिरप काढायचं म्हटलं तर सरकार काही देतं का? देतं, आणि बऱ्यापैकी देतं. पण ‘मेपल अनुदान योजना’ अशी पाटी लावलेली खिडकी एकट्या शेतकऱ्यासाठी ना कॅनडात आहे ना अमेरिकेत. मदत विखुरलेली आहे. थोडी मालमत्ता करात, थोडी विम्यात, थोडी ऊर्जा वाचवण्याच्या योजनांत, थोडी सरकारी हमीच्या कर्जात. क्वेबेकमध्ये तर सगळ्यात मोठी मदत पैशांच्या रूपात नाहीच, ती कायद्याच्या रूपात आहे.

म्हणून कोणती योजना किती देते यापेक्षा कोणता कागद आधी करायचा हे कळणं जास्त मोलाचं. क्रम चुकला की पात्र माणूसही अपात्र ठरतो. खालचा क्रम नव्यानं सुरू करणाऱ्यासाठी लिहिला आहे. विकतचं जुनं शुगरबुश, म्हणजे सिरपसाठी राखलेलं मेपलचं जंगल, घेणाऱ्यांनी चौथी पायरी आधी वाचावी.

पायरी १: झाडं मोजा

हंगाम छोटा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांतच रस वाहतो. रसात साखर असते साधारण २ टक्के. किती रसाचं किती सिरप होईल यासाठी तिथले उत्पादक एक सोपा हिशेब करतात: ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. २ टक्क्यांचा रस असेल तर ४३ गॅलन आटवल्यावर एक गॅलन सिरप. एका टॅपमागे, म्हणजे खोडाला भोक पाडून बसवलेल्या एका तोटीमागे, हंगामाला साधारण एक ते सव्वा लिटर सिरप धरा. म्हणजे ५०० टॅपचं जंगल पाच-सहाशे लिटर देईल, तेही हवामानानं साथ दिली तर.

हा हिशेब मनातल्या मनात करून भागत नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, दहा-बारा इंचांवरची झाडं वेगळी नोंदवा आणि नकाशावर खुणा करा. जमत असेल तर व्यावसायिक वनतज्ज्ञ लावा. त्याची फी वाया जात नाही, कारण हाच नकाशा पुढे कर सवलतीच्या आराखड्यात, विम्याच्या अर्जात आणि कर्जाच्या फाइलमध्ये लागतो. अमेरिकेच्या एका विमा योजनेत तर झाड किमान ३० वर्षांचं आणि १२ इंच व्यासाचं असावं, एका झाडाला चारपेक्षा जास्त टॅप नसावेत, असं नियमातच लिहिलेलं आहे.

पायरी २: कागदोपत्री शेतकरी व्हा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच लोक ती सोडतात. अमेरिकेत तुमच्या काउंटीच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन फार्म सर्व्हिस एजन्सीकडे, म्हणजे एफएसएकडे, जमिनीची नोंद करा आणि फार्म नंबर घ्या. तो नसेल तर पुढची जवळजवळ सगळी दारं बंद. तिथेच बाजूच्या टेबलावर एनआरसीएस, म्हणजे नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेची माणसं बसतात. त्यांच्याशी त्याच दिवशी ओळख करून घ्या, सहाव्या पायरीत ती लागेल. आयकरात शेतीचं उत्पन्न आणि खर्च दाखवणारं परिशिष्ट एफ पहिल्या वर्षापासून भरा.

ओंटारिओत ‘फार्म बिझनेस रजिस्ट्रेशन’ असतं, ते अ‍ॅग्रीकॉर्प या प्रांतिक संस्थेमार्फत होतं. त्यासाठी शेतीचं वार्षिक ढोबळ उत्पन्न ७,००० डॉलर लागतं आणि मान्यताप्राप्त शेतकरी संघटनेची वर्गणी भरावी लागते. क्वेबेकमध्ये कृषी खात्याकडे नोंदणी असते आणि तिथली मर्यादा ५,००० डॉलरची आहे.

पगारी नोकरी सांभाळून हा उद्योग करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वेगळं बँक खातं आणि वेगळी वही ठेवावी. कोणत्या तारखेला किती टॅप लावले, किती रस आला, किती सिरप भरलं, कोणाला विकलं. विम्याची भरपाई या वहीवरच ठरते. व्हिसावर असणाऱ्यांनी त्याआधीच इमिग्रेशन वकिलाला विचारावं. जमीन विकत घेणं वेगळं आणि तिच्यावर धंदा करून कमावणं वेगळं.

पायरी ३: मालमत्ता कर कमी करून घ्या

माझ्या मते नवख्यासाठी हीच सगळ्यात खात्रीची मदत. हंगाम पडो, भाव पडो, ही सवलत दर वर्षी मिळत राहते.

व्हरमाँटमध्ये ‘करंट यूज’ योजना आहे. जमिनीवर घरं बांधली तर तिचा किती भाव येईल यावर कर न लावता, जंगल म्हणून तिचा जो उपयोग चालू आहे त्यावर कर लावला जातो. किमान २५ एकर जंगल हवं. घराभोवतीचे दोन एकर वगळले जातात, म्हणून घर असलेल्या माणसाला प्रत्यक्षात २७ एकर लागतात. अर्जाची मुदत १ सप्टेंबर, वन व्यवस्थापन आराखड्याची १ ऑक्टोबर. शुगरबुश या योजनेत बसतं, पण टॅप किती आणि कुठल्या व्यासाच्या झाडाला लावायचे याचे नियम पाळावे लागतात. पुढे जमीन विकसित केली तर त्या भागाच्या बाजारभावाच्या १० टक्के कर बसतो, आणि जमिनीवरचा हा बोजा विक्रीनंतरही जात नाही. जंगल विकत घेताना ते आधीपासून योजनेत आहे का, हे म्हणूनच बघायचं.

ओंटारिओत दोन वाटा आहेत. शेतजमीन म्हणून नोंद झाली तर मालमत्ता कर निवासी दराच्या जास्तीत जास्त २५ टक्के. किंवा ‘मॅनेज्ड फॉरेस्ट’ कर योजना: त्यात किमान ४ हेक्टर जंगल आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञानं मंजूर केलेला दहा वर्षांचा आराखडा लागतो, दर तोच २५ टक्के. सिरपची विक्री ७,००० डॉलरपर्यंत पोचायला दोन-चार वर्षं लागणार असतील तर आधी दुसरी वाट धरावी, तिला विक्रीची अट नाही.

पायरी ४: क्वेबेकमध्ये असाल तर आधी मंडळ समजून घ्या

जगातलं सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्वेबेकमधून येतं आणि ते मोकळ्या बाजारात विकलं जात नाही. १९६६ साली उत्पादकांची संघटना स्थापन झाली, आज तिचं संक्षिप्त नाव पीपीएक्यू. इथे मंडळ म्हणजे हीच. प्रांताच्या कृषिमाल विक्री कायद्यानं या संघटनेला सगळ्या उत्पादकांच्या वतीनं भाव ठरवण्याचा आणि माल विकण्याचा अधिकार दिला. २००० साली राखीव साठा सुरू झाला, २००४ पासून कोटा, म्हणजे कोणी किती माल घालायचा याची मर्यादा, आला. या सगळ्यावर देखरेख ‘रेजी’ नावाच्या सरकारी नियामक यंत्रणेची.

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, ती आठवणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. एकच खरेदीदार, ठरलेला भाव, आणि शेजारच्या राज्यात जादा भाव मिळाला की रात्री सीमेपलीकडे जाणारे ट्रक. क्वेबेकमधूनही न्यू ब्रुन्सविककडे चोरून सिरप नेल्याची प्रकरणं कोर्टात गेली आहेत. फरक महत्त्वाचा आहे: आपल्याकडे योजना सरकार चालवत होतं आणि तोटा तिजोरीतून भरला जात होता. क्वेबेकमध्ये मंडळ उत्पादकांचं, खर्च त्यांनीच पौंडामागे भरलेल्या वर्गणीतून, आणि सरकारनं दिलेली वस्तू एकच, ती म्हणजे सक्ती करण्याचा अधिकार. मला हा नमुना अनुदानापेक्षा टिकाऊ वाटतो. पण मोकळेपणा हवा असणाऱ्याला तो जाचेल, हेही खरंच.

व्यवहारात याचा अर्थ असा. पाच लिटर किंवा त्याहून मोठ्या भांड्यातलं सिरप, म्हणजे पिंपातला माल, पीपीएक्यूमार्फतच जातो आणि त्यासाठी कोटा लागतो. पाच लिटरपेक्षा लहान डबे-बाटल्या स्वतःच्या दारात थेट ग्राहकाला विकायला मात्र कोट्याची गरज नाही. नवख्यानं याच फटीतून आत शिरावं. कोटा पाहिजे तेव्हा मिळत नाही, मंडळ मागणी बघून वाटप जाहीर करतं. २०२१ साली ७० लाख टॅपचा कोटा वाटला, तसं दर वर्षी होत नाही. चालू शुगरबुश विकत घेणं हा दुसरा मार्ग. मग करारात कोटा तुमच्या नावे होणार असल्याचं आणि मंडळाची त्याला संमती असल्याचं स्पष्ट लिहून घ्या.

पैसे कधी मिळतात तेही समजून घ्या. ज्या वर्षी पीक जास्त येतं त्या वर्षीचा न विकला गेलेला माल राखीव साठ्यात जातो आणि त्याचे पैसे तो विकला गेल्यावरच हाती पडतात. २०२१ मध्ये मागणी वाढली तेव्हा साठ्यातलं सुमारे ५ कोटी पौंड सिरप बाजारात काढलं गेलं. ग्राहकाला त्याचा फायदा झाला, पण त्यातला काही माल घालणाऱ्यांनी त्या पैशांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. कर्जाचे हप्ते बसवताना हे गृहीत धरा.

टोरांटोकरांसाठी एक सूचना. क्वेबेकचा रहिवासी नसलेल्याला तिथली शेतजमीन घ्यायला शेतजमीन संरक्षण आयोगाची परवानगी लागू शकते, आणि ओंटारिओत राहणारा कॅनडाचा नागरिकही या कायद्यापुरता बाहेरचाच. शेती विभागातल्या ४ हेक्टर किंवा मोठ्या मेपलवनातली झाडं तोडायलाही याच आयोगाची परवानगी लागते. सरकारी जंगलात टॅप लावण्याची सोयही क्वेबेकमध्ये आहे, वनखात्याचा परवाना घेऊन. मात्र तिथेही कोटा सुटत नाही.

पायरी ५: विमा, हंगामाच्या आधी

क्वेबेकचं उत्पादन २०२२ मध्ये २१.१ कोटी पौंड होतं, २०२३ मध्ये ते १२.४ कोटींवर आलं आणि २०२४ मध्ये २३.९ कोटींवर गेलं. एका हंगामात ४१ टक्के घट. कोणाच्या हातून चूक न होता, नुसत्या तापमानाच्या लहरीनं. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून विमा निवडा.

अमेरिकेत मेपलच्या रसाला ‘नॅप’ योजना लागू होते. नेहमीचा पीक विमा ज्या पिकांना नाही त्यांच्यासाठी ही योजना असते. अर्ज एफएसएकडे, हंगामाच्या कितीतरी आधी; तुमच्या काउंटीची तारीख पानगळीतच विचारून ठेवा. मूळ संरक्षणाची फी एका पिकाला ३२५ डॉलर. शेतीत दहा वर्षं न झालेल्या नवशिक्याला ती माफ होते, पण त्यासाठी स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो.

आता बारकावा. मूळ संरक्षणात अपेक्षित उत्पादनाच्या ५० टक्क्यांखाली गेलात तरच भरपाई, तीही सरासरी बाजारभावाच्या ५५ टक्के दरानं. अपेक्षित उत्पादन १०० धरा. हंगामात ५९ आलं, म्हणजे ४१ टक्के घट झाली, तर हातात शून्य. ३० आलं तर वीस एककांची भरपाई ५५ टक्के भावानं, म्हणजे पूर्ण पिकाच्या किमतीच्या ११ टक्के. थोडा हप्ता भरून संरक्षण ६५ टक्के उत्पादन आणि १०० टक्के भाव इथपर्यंत वाढवता येतं. मग ५९ आल्यावर सहा एककांचे आणि ३० आल्यावर पस्तीस एककांचे पूर्ण पैसे. हप्ता हमीच्या रकमेच्या ५.२५ टक्के, म्हणजे पिकाच्या किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आतच, आणि नवशिक्याला त्याच्या निम्मा. रसावर घर चालवणाऱ्यानं वाढीव संरक्षण घ्यावं. हौशी माणसाला मूळ संरक्षण पुरे, फी माफ असेल तर नाही म्हणायचं कारणच नाही. नुकसान दिसल्यापासून १५ दिवसांत एफएसएला लेखी कळवायचं असतं. ‘अजून थोडी थंडी पडेल’ म्हणत थांबणाऱ्यांची मुदत इथेच टळते.

कॅनडात ‘अ‍ॅग्रीस्टॅबिलिटी’ पिकाला नाही, तुमच्या शेतीच्या नफ्याला आधार देते. गेल्या काही वर्षांच्या सरासरीवरून तुमचं संदर्भ उत्पन्न ठरतं. चालू वर्षाचं उत्पन्न त्याच्या ७० टक्क्यांखाली गेलं की खालच्या तुटीपैकी ८० टक्के भरपाई. २०२५ सालासाठी हा दर ९० टक्के केला गेला. फी संदर्भ उत्पन्नाच्या दर लाखामागे ३१५ डॉलर आणि वर ५५ डॉलर. त्याच्या जोडीला ‘अ‍ॅग्रीइन्व्हेस्ट’: विक्रीच्या १ टक्का तुम्ही टाका, तेवढेच सरकार टाकतं, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर. विचार न करता घ्यावी अशी योजना ही एकच. क्वेबेकमध्ये ‘ला फिनान्सिएर अ‍ॅग्रिकोल’ ही प्रांतिक संस्था हे दोन्ही कार्यक्रम बघते आणि मेपलला पीक विमाही देते.

पायरी ६: यंत्राचे पैसे, पण खरेदीच्या आधी अर्ज

दोन टक्क्यांचा रस थेट आचेवर ठेवला तर लाकूड किंवा तेल भरमसाट जळतं. आरओ यंत्र, म्हणजे आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरचंच तत्त्व, रसातलं पाणी आधीच काढून टाकतं. रस २ वरून ८ टक्क्यांवर आणला तर ८६ च्या हिशेबानं ४३ ऐवजी पावणेअकरा गॅलनच आटवावे लागतात. तीन चतुर्थांश पाणी आच न लावता गेलं. म्हणूनच अमेरिकेत मेपलला यंत्रासाठी मिळणारा पैसा बहुतेक करून ऊर्जा बचतीच्या नावानं येतो. हे लक्षात ठेवून अर्ज लिहा. ‘उत्पादन वाढवायचं आहे’ असं लिहिलेला अर्ज मागे पडतो, ‘गॅलनमागे इतकं तेल वाचेल’ असं लिहिलेला पुढे जातो.

दोन योजना मुख्य. एनआरसीएसची ‘ईक्विप’: आधी ऊर्जा तपासणी, मग तिच्यात सुचवलेल्या सुधारणेसाठी करार, मग काम, मग पैसे. नवशिक्याला वाढीव दर आणि काही रक्कम आगाऊ मिळू शकते. जंगलातल्या कामालाही, म्हणजे विरळणी, आक्रमक झुडपं काढणं याला, हीच योजना पैसे देते. पुष्कळ जण यंत्राच्या नादात हे विसरतात. दुसरी ग्रामीण ऊर्जेची ‘रीप’: प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान हा तिचा मूळ दर, मधल्या काळात तो ५० टक्क्यांपर्यंतही गेला होता. इथे शेतकरी म्हणून अर्ज करणाऱ्याचं निम्मं तरी ढोबळ उत्पन्न शेतीतून यावं लागतं. पगार हेच मुख्य उत्पन्न असलेल्याला ही कसोटी जड जाते. त्यानं ‘ईक्विप’कडेच वळलेलं बरं.

दोन्हीकडे घाई महागात पडते: ‘ईक्विप’मध्ये करार होण्याआधी आणि ‘रीप’मध्ये पूर्ण अर्ज पोचण्याआधी केलेल्या कामाचे पैसे नाहीत. विक्रेता म्हणेल, ‘या आठवड्यात बुकिंग करा, सूट देतो.’ ती सूट अनुदानापुढे काहीच नसते. दरपत्रक घ्या, विसार देऊ नका. कागदपत्रांना एक अख्खं वर्ष धरा, म्हणजे या वसंतात अर्ज केला तर आरओ पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या हंगामाला.

कॅनडात संघराज्य आणि प्रांत यांची मिळून ‘सस्टेनेबल कॅनेडियन अ‍ॅग्रिकल्चरल पार्टनरशिप’ आहे, २०२३ ते २०२८ साठी ३५० कोटी डॉलरची. तिच्यातून प्रत्येक प्रांत खर्चात वाटा उचलणाऱ्या योजना काढतो. अर्जाच्या खिडक्या थोड्या काळासाठी उघडतात, तेव्हा दरपत्रकं आणि ऊर्जेचा हिशेब हाताशी तयार हवा.

पायरी ७: कर्ज

कॅनडात शेती कर्ज कायद्याखाली बँकेनं दिलेल्या कर्जावर सरकार ९५ टक्के हमी घेतं. मर्यादा ५ लाख डॉलर, नवशिक्याला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत. अमेरिकेत एफएसएचं सूक्ष्म कर्ज ५०,००० डॉलरपर्यंत मिळतं, पण नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं आणि दुसरीकडे वाजवी अटींवर कर्ज मिळत नसल्याचं दाखवावं लागतं. चांगला पगार आणि स्वच्छ क्रेडिट असलेले इथे अडतात, त्यांनी वेळ घालवू नये.

पायरी ८: ज्या योजनेत मेपलचं नाव आहे

अमेरिकेच्या २०१४ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीविषयक कायद्यात, ‘एसर’ नावाचा कार्यक्रम आला, नाव मेपलच्या शास्त्रीय वंशावरून. पहिली अनुदानं २०१७ मध्ये गेली. पण पैसे राज्यांची कृषी खाती, आदिवासी सरकारं, विद्यापीठं आणि संघटना यांना मिळतात, एकट्या शेतकऱ्याला नाही. तुम्हाला त्याचं फळ फुकट प्रशिक्षणातून आणि संशोधनातून मिळतं. व्हरमाँट विद्यापीठाचं अंडरहिल इथलं प्रॉक्टर केंद्र आणि कॉर्नेलचा मेपल विभाग यांचे वर्ग नवख्यानं चुकवू नयेत. पहिल्या टॅपआधी तिथे जाऊन आलात तर चुकीचा व्हॅक्यूम पंप विकत घेण्याचं टळतं.

पायरी ९: विक्री

बाटलीबंद करून स्वतःच्या नावानं विकायचं असेल तर अमेरिकेत मूल्यवर्धित उत्पादक अनुदान आहे: नियोजनासाठी ७५,००० आणि खेळत्या भांडवलासाठी २,५०,००० डॉलरपर्यंत, तितकीच रक्कम तुम्ही उभी करायची. लहान उत्पादकाला याचा कागदी व्याप पेलत नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केला तर जमतो.

दर्जाची नावं दोन्ही देशांत आता सारखी आहेत: सोनेरी, अंबर, गडद, अतिगडद. कॅनडात घनता ६६ ते ६८.९ ब्रिक्सच्या (विरघळलेल्या साखरेच्या टक्क्यांच्या) आत हवी. १५ जानेवारी २०१९ पासून प्रांताबाहेर किंवा परदेशात विकायला कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेचा परवाना लागतो. ओंटारिओतल्या शुगरहाऊसचं, म्हणजे रस आटवण्याच्या शेडमधलं, सिरप माँट्रियलमधल्या दुकानात ठेवायचं असेल तरीही तो लागतोच. हा परवाना ऑनलाइन मिळतो, पण अर्जात आपली प्रतिबंधक नियंत्रणं तयार असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणून तो जानेवारीत काढून ठेवा, मार्चमध्ये रस वाहायला लागल्यावर फॉर्म भरायला कोणालाच वेळ नसतो.